बुटातला चेंडू

धक्का म्हणावा असा तो धक्काच नव्हता. पुढे उभ्या असलेल्या लाँड्रीच्या गाडीचं मागचं दार आणि दाजींच्या गाडीचं नाक एकमेकांना लागलं, गर्दीत दोन अनोळखी माणसांचे खांदे लागतात तेवढंच. डॅशबोर्डवरचा चष्मा घसरला, पाण्याची बाटली सीटखाली गडगडत गेली आणि पट्ट्याने त्यांच्या मेव्हण्याची छाती एकदा आवळून सोडून दिली. सिग्नल लाल होता. बराच वेळ लाल होता. म्हणजे दाजींना तो दिसला होता, दाजींनी पायही उचलला होता. शेजारच्या सीटवरून त्याने स्वतः तो उचलताना पाहिला होता, घोट्यातून नाही, गुडघ्यातून नाही, पार कमरेतून, विहिरीतून बादली ओढावी तसा. बादली वर आली, ब्रेकवर पडली, पण तोवर गाडीने आपला निर्णय घेऊन टाकला होता.

लाँड्रीवाला खाली उतरला. त्याने आधी आपलं दार पाहिलं, मग बंपर, मग खिडकीत वाकून दाजींचे पांढरे केस. ओठांवर आलेली शिवी त्या केसांनी परत पाठवली.

"काका, तीन असतात. मधला दाबायचा."

"मधलाच दाबला रे बाबा," दाजी म्हणाले, "पण वरच्या ऑफिसातून खाली ऑर्डर पोचायला वेळ लागतो."

"मग वरच्या साहेबांना म्हणावं, जरा लवकर सही करा." तो हसला, दारावरून एकदा तळहात फिरवला आणि गेला.

दाजी हसले नाहीत. सिग्नल हिरवा झाला तरी दोन्ही हात चाकावर ठेवून ते शेजारी बसलेल्या त्याच्याकडे बघत राहिले. मागचा हॉर्न वाजला तरी. ही नजर त्याच्या ओळखीची होती, पण कुठली ते आठवेना. एखादा चेहरा बँकेत दिसतो आणि नंतर घरी आल्यावर कळतं की हा आपला औषधवाला, दुकानाबाहेर ओळखू आला नाही. दाजी कशाची तरी वाट बघत होते. "काही नाही झालं," तो म्हणाला. दाजींनी मान वळवली, गिअर टाकला. "हो ना," ते म्हणाले, "काहीच नाही झालं." आणि काहीतरी मिटलं. स्क्वॉशच्या कोर्टचं दार असं मिटतं. मागच्या भिंतीतच ते दार असतं, वाकून आत जायचं आणि ओढून घ्यायचं, की ते भिंतीशी असं सपाट होतं की आपण कुठून आत आलो ते सांगता येत नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर ताईने त्याला ओट्याशी बोलावून घेतलं होतं. नळ सोडून ठेवला होता, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "आज त्यांच्याबरोबर शाळेत जा. आणि सांग." "काय सांगू?" "वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. गाडी सोडा म्हणून सांग. परवा फाटकाच्या खांबाला घासून आणली. मी बोलले तर म्हणतात, खांब पुढे सरकलाय. लेक आपली तिकडे नोकरीच्या गावी, जावई फिरतीवर, आणि टिटवी रोज त्या गाडीत बसते रे. रोज." टिटवी ही ताईची नात, आवाज तसा, म्हणून नाव तसं. "माझं ते हसण्यावारी नेतात. तू डॉक्टर आहेस." "मी भूल देणारा डॉक्टर." "मग त्यासाठीच म्हणते. दुखणार नाही असं सांग." मग नळ बंद करून, ओल्या हाताने त्याची बाही धरून, "आणि टिटवी गाडीत बसायच्या आत सांग."

तो दाराशी आला तेव्हा दाजी बूट घालत होते. उजवा बूट उचलला, पालथा केला, तळहातावर दोनदा आपटला, आत डोकावले, मग पाय घातला. "मिळाला का विंचू?" ताईने आतून विचारलं. "लग्न झाल्यापासून शोधतायत. पाचव्या मजल्यावर." "सावध माणूस सुखी," दाजी म्हणाले. या विनोदाला सगळं घर इतक्यांदा हसलेलं होतं की आता हसू आपोआप येई. तोही हसला होता, मघाशीच.

पूल आला. पूल उतरला की कागदाच्या गोदामाची लांबच लांब भिंत, मग बेकरी, मग शाळेची गल्ली. भिंत संपायच्या आत सांगायचं, त्याने ठरवलं. भिंत पांढरी होती आणि तिच्यावर मुलांनी चेंडू मारून मारून काळे ठिपके उठवले होते.

त्यांचा कॉलेजचा स्क्वॉशचा संघ हरत नसे. हे वाक्य एवढंच आहे. दगड बुडतो, शाई वाळते, आमचा संघ हरत नाही. पाहुणे बसमधून उतरतानाच हरलेले असत. जिने चढताना ते एकमेकांशी जरुरीपेक्षा मोठ्याने बोलत, त्यावरून ते कळे. एका लढतीत नऊ सामने, पाच जिंकले की लढत जिंकली; आणि यांचे वरचे पाच जण इतक्या झटपट जिंकून मोकळे होत की खालच्यांचे सामने म्हणजे नाटक संपून लोक गेल्यावर चालू राहिलेला पंखा. तरी नऊच्या नऊ जिंकायचे. आणि नवांच्या खाली आणखी एक, दहावा. दहाव्याचा सामना मोजत नसत. पाहुण्यांच्या दहाव्याशी त्याची गाठ घालून देत, शेवटच्या कोर्टवर, छत गळायचं तिथे. घरातली मोठी माणसं बोलत बसली की पोरांना "जा रे, बाहेर खेळा" म्हणतात, तसं. तो दहावा होता. तोही कधी हरला नाही. पण हे त्याच्याशिवाय आणि गळत्या छताशिवाय कुणाला माहीत नाही.

संघात नावं नव्हती. प्रशिक्षक अंगाने सडपातळ आणि पांढरेफटक, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना खडू म्हणत. खडू आकड्याने हाक मारत. "नऊ, रॅकेट वर. दहा, चेंडू गोळा कर." ज्याची जागा घ्यायची त्याचं नावही घ्यायचं, असा तो व्यवहार. आणि घ्यायची कशी, तर तोंडाने नाही. तोंडाने आव्हान दिलं की मैत्री मधे येते, असं खडूंचं मत. सरावाआधी कपडे बदलायच्या खोलीत जायचं आणि आपल्या वरच्या नंबराच्या उजव्या बुटात चेंडू टाकायचा. तो येणार, पाय घालणार, बोटांना काहीतरी लागणार, बूट पालथा करणार, चेंडू तळहातावर येणार. कुणी कुणाकडे बघायचं नाही. मग दोघांनी कोर्टचं दार ओढून घ्यायचं. बाहेर येताना ते दोघं आपापल्या आकड्यांनी बाहेर येत, नाहीतर एकमेकांच्या. आणि याच नियमाची पाठची बाजू अशी, की जागा सोडता येत नाही. ताप येवो, घरी काही होवो, "जागा राखतात किंवा हरतात," खडू म्हणत, "सोडत कुणी नाही." म्हणून संघ हरत नसे. बाहेरच्यांशी खेळणं ही विश्रांती होती. खरी झुंज आपल्याच माणसाशी, जो रात्री आपल्याच खोलीत घोरतो.

त्याच्या खोलीत नऊ घोरायचा. हाच नऊ पुढे ताईचा नवरा झाला आणि त्याचा दाजी झाला, आणि तू-चा तुम्ही झाला.

"दाजी."

"हं."

"पुढे उजवीकडे."

"शाळेचा रस्ता मला दाखवतोस?" दाजी म्हणाले. "टिटवीची आईपण मीच पोचवली या रस्त्याने." भिंत अर्धी संपली होती.

स्क्वॉशचा चेंडू गार असला की मेलेला असतो. काळा, छोटा, जमिनीवर टाकला तर पडून राहतो. तो तळहातात चोळावा लागतो, भिंतीवर मारून मारून जागा करावा लागतो. मग त्याच्यात जीव येतो, इतका की खेळ संपल्यावर मुठीत धरला तर कुणाचं तरी चिमुकलं काळीज धरल्यासारखं वाटतं. त्या हंगामात त्याच्या खिशात एक चेंडू सतत असे, मांडीच्या उबेने तापलेला. व्याख्यानाला, वाचनालयात, जेवताना. कारण हंगामाच्या मध्यावर नऊची टाच बिघडली होती. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर सुजून केळ्याएवढी झाली होती आणि ते फक्त त्याला माहीत होतं; बर्फाची बादली कॉटखाली असे, आणि नऊ खोलीचं दार लावून तिच्यात पाय बुडवून, दात आवळून, पुस्तक वाचल्याचं नाटक करी, एकदा तर पुस्तक उलटं धरून. ताई त्याच कॉलेजात, एक वर्ष पुढे. ती एकदा म्हणाली, "तुझा मित्र जिना खेकड्यासारखा का उतरतो रे?" "सवय आहे त्याची." "सवय कसली, दुखतंय त्याला. थांब म्हणून सांग ना." "असं सांगत नसतात आमच्यात," तो म्हणाला होता, आणि हे म्हणताना त्याला एक प्रकारचा अभिमानही वाटला होता.

तर त्या दिवशी. तो खोलीत शिरला. कुणी नव्हतं. फळीच्या बाकाखाली नऊचे बूट, उजव्याच्या टाचेशी आतून कापसाची घडी शिवलेली, टाके बेंगरूळ, पुरुषाच्या हातचे. त्याने खिशातून चेंडू काढला. वाकला. आणि वाटलं, या कापसावर चेंडू ठेवायचा? लंगड्या मित्राला हरवून आपण नववे व्हायचं, त्याचं नाव घ्यायचं आणि रात्री त्याच्याच शेजारच्या कॉटवर झोपायचं? त्याने चेंडू परत खिशात टाकला. बाहेर पडताना त्याला हलकं वाटलं. माणुसकी म्हणतात ती हीच, असं त्याला त्या वयात...

लेट.

एकाच्या वाटेत दुसरा आला, की कोर्टवर हात वर करून लेट म्हणतात. गुण कुणालाच नाही. तो गुण झालाच नाही असं धरायचं, जागेवर जायचं आणि पहिल्यापासून खेळायचं. माणुसकी वाटेत आली होती. पुन्हा.

तो खोलीत शिरला. कुणी नव्हतं. नऊचा बूट, कापूस, टाके. त्याने चेंडू काढला, वाकला, आणि तिथेच थांबला. कारण हा चेंडू बुटात पडला की संध्याकाळपासून आपण मोजले जाणार. समजा हरलो, एका लंगड्याशी. मग आपण कोण? आणि समजा जिंकलो, तर उद्यापासून नववे, आणि नवव्याची हार फळ्यावर लिहितात. आज आपण कधीही न हरलेले आहोत. ते कुणाला माहीत नाही, पण ते आहे, ते आपल्या जवळ आहे, पेटीत घडी घालून ठेवलेल्या नव्या शर्टासारखं, जो घातला की जुना होणार. त्याने चेंडू परत खिशात टाकला. माणुसकी वगैरे नंतर जिना उतरताना सुचली. पहिल्या मजल्यावर असेल.

हे त्याला खूप नंतर कळलं, ऑपरेशनच्या टेबलाच्या डोक्याशी उभं राहून राहून. ऑपरेशन सर्जनचं असतं, आभार सर्जनचे, शिव्याही सर्जनला. भूल देणारा डोक्याशी असतो आणि जागं झाल्यावर त्याचा चेहरा कुणाच्या लक्षात नसतो. त्याला ते आवडलं. आयुष्यभर आवडलं. तो रोग्याच्या कानाशी वाकून म्हणे, "दहापासून उलटे मोजा." आणि रोगी म्हणत, "दहा... नऊ..." आणि जात. बहुतेक सगळे नवालाच जात. इतकी वर्षं रोज, कुणाच्या ना कुणाच्या तोंडून, आपलं नाव आणि त्याचं नाव, आणि मग शांतता.

बेकरी आली. भाजलेल्या साखरेचा वास काचा बंद असूनही आत आला. एक बाई दोन्ही हातांत पाव धरून रस्ता ओलांडायला थांबली होती. दाजींनी तिला बघून खूप आधीच, अगदी हास्यास्पद वाटावं इतकं आधी, गाडी थांबवली, आणि बाई गोंधळून थांबूनच राहिली. "जा ना बाई," दाजी पुटपुटले. त्यांच्या कानामागून घामाची रेघ उतरत होती. म्हणजे त्यांना कळलं होतं. मघाच्या धक्क्याने त्यांनाही कळवलं होतं, आणि आता ते नजरेने भरपाई करत होते, पायाची उणीव डोळ्यांनी, जशी तेव्हा टाचेची उणीव मनगटाने करत. नऊ मनगटावर जिंकत राहिला, एकेक सामना, चेहरा पांढरा पडेतो. कोर्टच्या कोपऱ्यात पळावं लागू नये म्हणून तो चेंडू असा काही ठेवी की समोरच्याला चौथ्या फटक्याला चूक करणं भाग पडे. लोक म्हणत, काय कला आहे. कला कसली; बर्फाची बादली होती ती.

हंगामाची शेवटची लढत होती. वरच्या पाचांनी जिंकून टाकली होती, लोक बाहेर पडत होते, खडू दाराशी कुणाचा तरी हात हातात घेऊन उभे होते. नऊचा सामना चालू होता आणि त्याला आता काहीही अर्थ नव्हता. तो आपला न मोजलेला सामना संपवून, टॉवेल गळ्यात, काचेमागे एकटा बघत होता. नऊने पुढच्या भिंतीकडे एक पाऊल टाकलं आणि आवाज झाला. कोरडा, एकदाच, रॅकेटने फळी फोडावी तसा. नऊ थांबला आणि त्याने मागे वळून पाहिलं. चिडून पाहिलं, मागून कुणी लाथ मारली म्हणून. मागे कुणी नव्हतं. समोरचा मुलगा खेळायचं थांबून विचारत होता, "लेट?" नऊने खाली पाहिलं, मग काचेकडे, काचेमागच्या त्याच्याकडे, आणि मग हळूच, एखाद्या सभ्य माणसाने खुर्ची ओढून घ्यावी तसा, खाली बसला. त्या दिवशीचा निकाल आठ विरुद्ध एक असा लागला. संघ अर्थातच जिंकला. खडू रुग्णालयात एकदा आले, फळांची पिशवी ठेवली आणि म्हणाले, "राखलीस जागा." ताई रोज यायची. प्रथम भावाबरोबर, मग भावाशिवाय. पुढे घरात दाजी म्हणत, "माझं लग्न मेव्हण्यांनी जमवलं, माझा पाय मोडून," आणि सगळे हसत, आणि मोडून या शब्दाशी तो दर वेळी पाण्याचा ग्लास तोंडाला लावी. लेक झाली, नात झाली, पाय थोडा बारीक राहिला, पोटरी भरली नाही ती नाहीच. आता वय झालं, साखर वाढली, आणि त्या पायाने जमिनीशी बोलणंच सोडलं. सगळं त्या बुटातून आलं, सुखसुद्धा, मग दुःख नेमकं कशाचं करायचं ते त्याला कधी ठरवता आलं नव्हतं. पण ते होतं.

शाळेच्या अलीकडे, फाटक दिसेल अशा बेताने, दाजींनी गाडी कडेला लावली. इंजिन बंद केलं, किल्ली काढून दोन सीटांमधल्या खाचेत टाकली. घंटेला अवकाश होता. त्यांनी सीट मागे ढकलली, उजवा बूट काढून त्याच्या आणि आपल्या मधे ठेवला आणि मोज्यावरून टाच चोळू लागले.

"दुखतंय?"

"दुखलं असतं तर बरं. आहे एवढं तरी कळलं असतं. कापसावर चालल्यासारखं होतं."

"कधीपासून?"

"कोण विचारतंय? डॉक्टर की मेव्हणे?"

"दोघंही."

"मग दोघांनाही ठाऊक आहे. बोलत मात्र एकही नाही."

"ताई म्हणत होती..."

"ताई काय म्हणते ते नळाच्या आवाजातूनसुद्धा ऐकू येतं. तू काय म्हणतोस?"

फाटकाशी आया, आजोबा, एक सायकल. त्याने तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते असं, "एकदा नसांची तपासणी करून घेऊ. मग बघू." त्याच्या आवाजातली मऊ, सरावाची, कानाशी वाकलेली पट्टी त्यालाच ऐकू आली. दहापासून उलटे मोजा.

दाजी हसले. ओठाची एक कड वर जाते तसे, नऊसारखे. "दहा," ते म्हणाले. या नावाने त्यांनी हाक मारली त्याला किती काळ लोटला होता. "त्या दिवशी बॉल परत खिशात का घातलास रे?"

"कुठल्या दिवशी?"

"असं करू नकोस." दाजी चिडले नव्हते. "शॉवरच्या आडोशाला होतो मी, टेप गुंडाळत. तू आलास. मी मुद्दाम पाठ केली, तुला संकोच नको. पण बेसिनवर आरसा होता ना. तू वाकलास. मला वाटलं, सुटलो. खरं सांगू, तुझी बहीण हो म्हणाली तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. तिला सांगशील तर याद राख. आणि मग तू सरळ झालास."

"मला वाटलं, तुझी टाच..."

"टाचेसाठीच तर! मला सोडता येत नव्हतं, हरता येत होतं. आणि माझ्या खाली होतं कोण? तूच एक. मी काय, तुला येऊन सांगणार होतो, की बाबा, मला हरव? असं सांगत नसतात आपल्यात." ते टाच चोळायचे थांबले. "मग रोज बघायचो. म्हटलं, आज नाही तर उद्या. रोज बूट पालथा."

त्याने दोघांच्या मधे ठेवलेल्या बुटाकडे पाहिलं.

"अजून करता," तो म्हणाला.

"पाचव्या मजल्यावर कसला आलाय विंचू." दाजींनी डोकं मागे टेकलं, डोळे मिटले. "घंटा झाली की उठव."

लेट. पुन्हा. तो खोलीत शिरला. कुणी नव्हतं असं कसं म्हणालो आपण? बेसिन होतं, बेसिनवर आरसा होता, कोपरा फुटलेला. शॉवरच्या आडोशाखाली दोन पावलं दिसत होती, एक पूर्ण टेकलेलं, एक फक्त बोटांवर. टेप फाडल्याचा आवाज आला होता. आला होता! हे सगळं तिथेच होतं, आणि त्याने इतकी वर्षं ती खोली रिकामी करून आठवली होती, झाडून पुसून. कापूस, बेंगरूळ टाके. खरं म्हणजे तो बूट त्याच्यासाठीच उघडा ठेवलेला होता. आणि मघाची सिग्नलवरची ती नजर, औषधवाल्याचा चेहरा घरी येऊन ओळखू यावा तशी, आता ओळखू आली. काचेमागच्या त्याच्याकडे नऊने खाली बसायच्या आधी टाकलेली ती. तिच्यात राग नव्हता. अजून वेळ आहे, असं ती म्हणत होती, जेव्हा नव्हता तेव्हाही.

फाटकाशी गर्दी दाटली. टिटवी बसायच्या आत. त्याने खाचेतली किल्ली उचलली. थंड होती, गाडीत अजून एसीचा गारवा होता. त्याने ती मुठीत धरली, मग दोन्ही तळहातांत, चोळली. त्याला घाई करता येईना, थंड किल्ली टाकून चालणार नव्हतं, हे का ते सांगता आलं नसतं. दाजींचे डोळे मिटलेले होते. डोक्यावरच्या आरशात ते मिटलेले दिसत होते, जरा जास्तच घट्ट. तो वाकला. गुडघा कटकन वाजला, आणि दाजींनी न वाजल्यासारखं केलं. बुटाच्या आत अंधार आणि ऊब आणि म्हाताऱ्या माणसाच्या पावलाचा वास होता. त्याने किल्ली आत सोडली आणि खिडकीबाहेर बघू लागला. कुणी कुणाकडे बघायचं नाही.

घंटा झाली. दाजींनी डोळे उघडले, बूट उचलला, पालथा केला, तळहातावर आपटला. पहिल्याच वेळी आली. दुसऱ्यांदा आपटायला उचललेला बूट तसाच राहिला.

कितीतरी वेळ दाजी हातातल्या वस्तूकडे बघत होते. मग त्यांनी मूठ मिटली.

"तापवलीस," ते म्हणाले.

तो खिडकीबाहेरच बघत राहिला.

"बॉल एवढा तापवून मग टाकायचाच नाही, असं कुठे होतं का रे? गारच टाकायचास. मी तापवला असता." मग त्यांनी किल्ली त्याच्या मांडीवर ठेवली, बूट घातला, दार उघडलं आणि छताला धरून, वळसा घालून, मागच्या सीटवर जाऊन बसले.

टिटवी आली, तिच्या आधी आवाज आला. "आजोबा, तुम्ही मागे? मामाआजोबा चालवणार? आजच ना?"

आरशात दाजींचे डोळे होते आणि ते त्याच्यावर होते. चाकामागच्या जागेवर सरकून तो सीट पुढे घेत होता. दाजींच्या मापाची सीट, त्याचे पाय पोचत नव्हते. खटका दोनदा निसटला.

"रोज," तो म्हणाला. आवाज मऊ नव्हता आणि त्याने तो मऊ केला नाही. "आजपासून रोज मी."

"का?"

"आजोबांचा पाय ब्रेकवर वेळेवर पोचत नाही."

आरशातले डोळे मिटले. दुखलं होतं. पूर्ण दुखलं होतं, कुठलीही भूल नसताना, आणि ते त्याने समोर बसून बघितलं, आणि गाडी सुरू केली. बेकरी, भिंत, पूल. टिटवी कुणीतरी कुणाचा डबा पळवल्याची गोष्ट सांगत होती. मागे दाजींनी पुन्हा बूट काढला असावा; टाच सुजली असणार.

इमारतीखाली गाडी थांबली तेव्हा दाजींनी बूट पायाशी ओढला आणि सरळ पाय घातला. टिटवीच्या नजरेतून काही सुटत नाही.

"आजोबा, विंचू नाही बघितला?"

"सापडला आज."

"खरंच? चावला?"

"चावला."

"दुखलं?"

दाजी दाराचा आधार घेऊन उभे राहत होते. "दुखलं ना," ते म्हणाले, "पण तेव्हाच चावला असता, तर कमी दुखलं असतं."

ही बातमी आजीला सांगायला टिटवी जिन्याने धावत सुटली. दाजी तिच्यामागे निघाले, एकेक पायरी, खेकड्यासारखे, कठडा धरून. गाडी केव्हाची थांबली होती. त्याचा पाय अजून ब्रेकवर होता.